सोळा दिव्यांची डबी

(जपानमधलं साकाई शहर. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, सकाळचे अकरा. चिहारुचा जबडा तारेने बांधलेला आहे. ती दात न उघडता बोलते.)

तोमोए : खोका आत आणू नका. तिथेच चपलांपाशी ठेवा.

हिसानो : दोन्ही हातांनी द्यायचा असतो तो.

तोमोए : मग दोन्ही हातांनी खाली ठेवा. जड दिसतोय चांगला. तुमच्या मुलाने किती जोरात मारलं, त्यावर मिठाईचं वजन ठरवतो का तुमचा वकील?

हिसानो : त्यानेच आणून दिला. योकान आहे, गोड वड्या. मऊ असतं म्हणाला, सूनबाईंना चावायला लागणार नाही. फार विचारी माणूस. काळे कपडे घाला म्हणाला, बसा म्हटल्याशिवाय बसू नका म्हणाला. आधी खोका आणि मग कागद, हे दोनदा सांगितलं. सत्तर वर्षांच्या बाईला वाकायला शिकवत होता.

तोमोए : आणि शिकलात?

हिसानो : मी वाकायलाच आलेय, तोमोएबाई. पण इथे दारात वाकले तर जिन्यातल्या लोकांना फुकटचा तमाशा. आत घ्या, नाहीतर हाकला. मधेच उभं ठेवू नका, माझे गुडघे काही तुम्ही चालवता त्या बसची चाकं नाहीत.

तोमोए : हाकलतेच. इस्पितळात माझी बहीण मला ओळखू आली नाही. खाटेवरची नावाची पाटी वाचून शोधली मी तिला.

चिहारु : ताई. येऊ दे.

तोमोए : तू बोलू नकोस. डॉक्टरांनी बोलायचं नाही सांगितलंय.

चिहारु : कमी बोला, सांगितलंय. येऊ दे त्यांना. मला एक विचारायचंय.

तोमोए : या. पण मी इथून हलणार नाही. आज माझी सुट्टी आहे आणि दोन्ही हात रिकामे आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

हिसानो : चिहारु. पोरी. उराबे घराण्याच्या वतीने मी, शिगेकीची आई...

चिहारु : उठा, आई.

हिसानो : अजून माझं बोलून झालं नाही.

तोमोए : झालं. कपाळ उचला, चटई नवी आहे.

हिसानो : डावा डोळा उघडला वाटतं.

चिहारु : अर्धा.

हिसानो : दिसतं?

चिहारु : तुम्ही दोन दिसता.

तोमोए : एकच पुरे होती. कागद काढा तो, बघू दे. हं. ‘रागाच्या भरात दोन-तीन फटके बसले. ही नवरा-बायकोतली बाब आहे. माझी काही तक्रार उरलेली नाही. माझ्या पतीला शिक्षा होऊ नये, ही नम्र विनंती.’ खाली चिहारु उराबे, आणि सहीऐवजी शिक्का मारायला गोल आखून ठेवलाय. वा. नुसता ठसा मारायचा आणि बाई मोकळी.

हिसानो : त्या गोलात शिक्का पडला तर शिगेकी शुक्रवारी कोठडीतून घरी येतो. नाही पडला तर सरकारी वकील खटला भरतात. शुक्रवारपर्यंत त्यांची मुदत आहे. वकिलाने हे मला चार वेळा सांगितलं. शाळेच्या बाकावर मी पंधराव्या वर्षापर्यंत बसले, शिकले असं म्हणवत नाही. पण शुक्रवार मला कळतो.

तोमोए : दोन-तीन फटके. जबडा दोन ठिकाणी, तीन बरगड्या, डोळ्याखालचं हाड. एवढं सगळं दोन-तीन फटक्यांत. फारच नेम धरून मारतो म्हणायचा तुमचा मुलगा. आणि तुम्ही पोलिसांना काय सांगितलंत?

हिसानो : मागच्या बोळात तेलाचा डबा आणायला गेले होते असं. आले तेव्हा ती पडलेली होती.

तोमोए : चिहारु?

चिहारु : आई तिथेच होत्या.

तोमोए : मग हे तू का नाही सांगितलंस?

चिहारु : आठवत नाही म्हटलं.

तोमोए : आठवत होतं?

चिहारु : सगळं.

तोमोए : शाबास. एक मुलाला लपवते, दुसरी सासूला लपवते, आणि मी इथे तीन आठवडे गाळलेली पेज नळीने पाजतेय. आणि हे सगळं कशापायी, तर दोघींच्या खेळण्यांपायी. डब्या वाजवत बसायच्या म्हणे. शाळेतल्या पोरींसारख्या.

हिसानो : खेळणी म्हणू नका.

तोमोए : मग काय म्हणू?

हिसानो : सिंथेसायझर म्हणतात त्याला. लहान, जेवणाच्या डब्याएवढा. पेन्सिल सेलवर चालतो. जुन्या मालाच्या दुकानातून हिने पहिला आणला, दोन वाडगे उदोन शेवयांच्या भावात. मी म्हटलं, हे काय कचरा घरात. कारखान्यात प्रेसवर पत्र्याचे वॉशर कापायचे सोडून बायका आता वाजंत्री होणार का. बरीच बोलले. बोलले ना?

चिहारु : दोन दिवस.

हिसानो : तिसऱ्या दिवशी ही बाजारात गेली आणि मी तो उचलला.

चिहारु : संडासात नेला.

हिसानो : कुणी बघायला नको म्हणून. कानात ते बोंड घातलं आणि बसले. खाली सोळा बटणं ओळीने. बटण दाबलं की दिवा लागतो. उजेडाचा एक ठिपका या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो आणि परत पहिल्यावर येतो. जिथे तुम्ही दिवा लावलात, तिथे ठोका पडतो. बस, एवढंच. ना वाचायला लागतं, ना लिहायला. मी पहिल्यावर लावला, नवव्यावर लावला. धाप... धाप. तोमोएबाई, माझी प्रेस. पंचेचाळीस वर्षं जिच्यासमोर उभी आहे, ती माझी प्रेस त्या डबीत होती. नुसती कान फोडत नव्हती, ऐकत होती माझं.

चिहारु : तासभर बाहेर आल्या नाहीत. मी दार ठोकलं.

हिसानो : पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

चिहारु : आतून पाय आपटत होत्या. हसवू नका. तार ओढते.

तोमोए : तू हसतेयस?

चिहारु : मग मी दुसरी आणली. खर्जाची.

हिसानो : आणि मग तिसरी, आवाज पकडणारी. समोर काहीही वाजवा, ती गिळते, आणि बटण दाबलं की ओकते. आम्ही हवेचा फुसकारा पकडला, पत्र्याचा खणखणाट पकडला, टोफूवाल्याचा भोंगा पकडला. बोटभर वायरीने तिन्ही डब्या एकीला एक जोडायच्या. पहिली ढोलाची, तिच्या चालीने बाकीच्या चालतात. मग हिने गुपचूप माझाच आवाज पकडला.

तोमोए : तुमचा?

चिहारु : ‘हात काढ.’

हिसानो : प्रेस खाली येताना मी कामगारांवर ओरडते तसं. हात काढ. माझ्या कारखान्यात आजवर एकाचंही बोट गेलेलं नाही, ते त्या ओरडण्यामुळे. हिने ते तेराव्या दिव्यावर बसवलं. धाप, धाप, हात काढ. धाप, धाप, हात काढ. मी इतकी हसले की कवळी हातात धरावी लागली.

तोमोए : आणि मग बाजारपेठेत तमाशा केलात.

हिसानो : तमाशा नव्हता. पेठेची उन्हाळी जत्रा होती. ताकोयाकीचे गोळे भाजणाऱ्या गाड्यांशेजारी एक टेबल मिळालं आम्हाला. वीस मिनिटं म्हणाले, दीड तास वाजवलं. मासळीवाली नाचली. बौद्ध मंदिरातला भटजी नाचला. सगळी पेठ हात वर करून म्हणत होती, हात काढ. माझ्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेलासुद्धा एवढी माणसं नव्हती.

तोमोए : आणि शिगेकी?

चिहारु : मागे उभा होता.

हिसानो : तुम्हाला माहीत नसेल. शिगेकी तरुणपणी ड्रम वाजवायचा. पाच पोरांचं टोळकं होतं. आमच्याच माळ्यावर सराव करायचे, खाली प्रेस आणि वर हे. बाविसाव्या वर्षी त्यांनी याला काढून टाकला. याची लय धावते म्हणाले. कधी पुढे, कधी मागे, एका जागी राहतच नाही. ड्रम अजून माळ्यावर आहेत, चादरीखाली. कुणी चादर उचललेली त्याला खपत नाही.

तोमोए : म्हणून बायकोला मारायचं?

हिसानो : थांबा. जत्रेत पेठेच्या अध्यक्षांनी माइक घेतला. साकेचे चार कप पोटात होते. म्हणाले, उराबेंच्या घरातला ताल सासू-सुनेने वाटून घेतला, मुलाच्या वाट्याला काही उरलंच नाही. सगळे हसले.

चिहारु : आईही हसल्या.

हिसानो : हो. मीही हसले. माइकपाशीच उभी होते, माझं हसू सगळ्या पेठेत ऐकू गेलं. मी मान वर केली तेव्हा तो मागे वळून चालू लागला होता. हातातली ताकोयाकीची परडी त्याने खाली टाकली नाही. नीट कचऱ्याच्या डब्यात ठेवली. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

तोमोए : तेव्हा नाही वाटली. आणि मारलं त्या रविवारी?

हिसानो : रविवारी वाटली. पण रविवारी उशीर झाला होता.

तोमोए : सांगा. मला हिच्याकडून ऐकायचं नाही, तिचा जबडा बांधलेला आहे. तुमचा उघडा आहे. काय झालं ते सांगा, आणि तेलाचा डबा मधे आणू नका.

हिसानो : दुपारचे तीन. प्रेस बंद. जुळवणीच्या टेबलावर आम्ही डब्या मांडल्या होत्या, नवीन काहीतरी बसवत होतो. तो वरून खाली आला. प्यायलेला नव्हता, हे मी आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल दारूने केलं. तो म्हणाला, बंद करा. ही म्हणाली, हे एक संपू दे. एवढंच म्हणाली.

चिहारु : हसत म्हटलं.

हिसानो : हसत म्हणाली. त्याने ओळीत शेवटी जोडलेली डबी उचलली, खर्जाची, आणि प्रेसच्या खांबावर फोडली. बाकी दोन चालूच राहिल्या. पहिली शाबूत असली की पुढचीला काही होत नाही. धाप, धाप, हात काढ. ही उठली आणि तिने उरलेल्या दोघींवर असा हात आडवा धरला, लेकरं झाकावीत तसा. मग त्याने हिला केसांना धरलं.

तोमोए : आणि तुम्ही?

हिसानो : उभी होते.

तोमोए : उभ्या होतात.

हिसानो : टेबलाच्या या बाजूला. तो त्या बाजूला. पहिला ठोसा इथे बसला, गालाच्या हाडावर. दुसरा तोंडावर. एकदा डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. मी माझ्या नवऱ्याचा मार खाल्लाय, तोमोएबाई. तो आडवातिडवा असायचा, हात जाईल तिकडे. हा तसा नव्हता. मला वाटलं, माझेच कान फिरलेत. पहिला दिवा लागला की ठोसा. नववा लागला की ठोसा. मोठ्या ढोलावर. मधे हात मागे घ्यायचा आणि थांबायचा. ढोलाची वाट बघायचा. त्याला माहीत नव्हतं तो काय करतोय. पण त्याचा हात त्या डबीच्या चालीने चालला होता. बावीस वर्षांचा असताना ज्याला एक ओळ सरळ वाजवता आली नाही, तो माझा मुलगा बायकोच्या तोंडावर ताल धरून उभा होता.

तोमोए : पुरे करा.

हिसानो : आणि तेराव्या दिव्यावर डबी ओरडत होती, हात काढ. माझ्या आवाजात. दर फेरीला. मी तोंड मिटून उभी, आणि डबी ओरडतेय.

तोमोए : पुरे म्हटलं ना.

हिसानो : तुम्हीच सांगा म्हणालात. सहा फेऱ्या. फेरीला दोन. म्हणजे बारा. बाराव्यानंतर मला पाय फुटले.

चिहारु : आई. आता मी विचारते.

हिसानो : विचार.

चिहारु : तेव्हा चाल वाढली.

हिसानो : हो.

चिहारु : डबीची.

हिसानो : हो.

चिहारु : मग त्याचे ठोसेही भरभर यायला लागले. आधी श्वास घ्यायला मधे जागा होती. मग नव्हती. मी खालून बघितलं. वेगाच्या गोल बटणावर हात होता. तुमचा.

तोमोए : काय?

हिसानो : माझाच होता.

तोमोए : तुम्ही वेग वाढवलात? तो हिला मारत असताना?

हिसानो : हो. मी...

चिहारु : ताई, नको. ताई.

हिसानो : राहू दे, पोरी. चांगला बसला. बस चालवणारीचा हात आहे. दुसरा गालही आहे माझ्याकडे, तोमोएबाई.

तोमोए : तोंड बघायचं नाही मला तुमचं. चालत्या व्हा. कागद घ्या, खोका घ्या आणि चालत्या व्हा, नाहीतर जिन्यावरून मी सोडते खाली.

चिहारु : ताई, हात खाली कर. बस तिथे. मी तीन आठवडे फक्त हेच धरून झोपतेय. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंत.

हिसानो : मला ठाऊक आहे तुला तसं वाटलं. रुग्णवाहिकेत तू माझा हात झटकलास. म्हणून मी आलेय. या कागदासाठी नाही आले. कागदाबरोबर वकिलाने पेन दिलं होतं, लाल शाईची डबी दिली होती. दोन्ही मी स्टेशनवर टाकून दिली.

चिहारु : मग का फिरवलंत?

हिसानो : बंद करायला.

चिहारु : बंद करायचं बटण वेगळं आहे.

हिसानो : हे मला आत्ता कळतं. तेव्हा नाही कळलं. तेव्हा डोक्यात एकच, हे बंद कर. ही चाल बंद झाली की त्याचा हात थांबेल. माझा हात गेला आणि जे गोल होतं ते पकडलं, आणि फिरवलं. उजवीकडे.

तोमोए : सोयीचं आहे. बटण चुकलं.

हिसानो : बटण चुकलं नाही, हात चुकला. प्रेसमध्ये कुणाची बाही अडकली की काय करतात, ते हिला विचारा. हवा तोडतात. हवेचा व्हॉल्व्ह डोक्याशी असतो, गोल. तो उजवीकडे पिळला की हवा बंद, हवा बंद की प्रेस जागच्या जागी. पंचेचाळीस वर्षं काही वाईट घडलं की माझा हात एकाच दिशेने वळलाय. डबीचं उलटं असतं. उजवीकडे वाढतं. हे मला रोज ठाऊक होतं. त्या क्षणी माझ्यासमोर डबी नव्हतीच, प्रेस होती, आणि त्यात तू अडकली होतीस.

तोमोए : गोष्ट चांगली रचलीत.

चिहारु : आई. डोळे मिटा.

हिसानो : कशाला?

चिहारु : मिटा. हात गुडघ्यावर. दोन नंबरच्या प्रेसवर आहात. समोर कोण आहे?

हिसानो : ओकुदा. तो नेहमी बाही सोडून येतो. दोन वेळा सांगितलंय त्याला.

चिहारु : पत्रा सरकवला त्याने. आता त्याची बाही...

तोमोए : बाप रे. केवढ्यांदा ओरडतात या.

चिहारु : डोळे मिटलेलेच राहू दे. ताई, तू बघ. त्यांच्या हाताकडे बघ.

तोमोए : बघतेय.

चिहारु : कुठे फिरतोय?

तोमोए : उजवीकडे. अजून पिळतेय. हवेत. नसा फुटतील.

चिहारु : उघडा डोळे, आई. झालं.

हिसानो : ओरडले का मी?

तोमोए : ‘हात काढ’ म्हणालात. सगळ्या मजल्याला ऐकू गेलं असेल.

हिसानो : त्या दिवशी नाही ओरडले. पान्यालाच हात गेला शेवटी.

तोमोए : कोणता पाना?

हिसानो : प्रेसचा डाय, साचा, आवळायचा. माझ्या हाताएवढा लांब आहे. चाल वाढल्यावर सात ठोसे अजून पडले. सातव्याला मी टेबलाला वळसा घालून पोचले, आणि त्याच्या उजव्या मनगटावर मारला. एकदा मारून तो थांबला नाही. दुसऱ्यांदा हाड वाजलं. तिसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. तरी मारला. पोटच्या पोराचं मनगट कसं मोडतं ते हाताला कळतं, तोमोएबाई. ओल्या फांदीसारखं. मग तो खाली बसला आणि मला म्हणाला, आई, दुखतंय. चाळीस वर्षांचा माणूस. आणि डबी चालूच होती. ती बंद करायचंही कुणाला सुचलं नाही, शेवटी शेजारच्या लेथवाल्याने येऊन केली.

तोमोए : पोलिसांना माहीत आहे हे?

हिसानो : नाही. त्याने सांगितलं, हात प्रेसवर आपटला. मला वाटलं, आईला वाचवतोय. परवा भेटायला गेले. मधे काच, त्याच्या हाताला प्लास्टर. म्हणाला, आई, ती चिठ्ठी शिक्का मारून घेऊन ये. आणली नाहीस तर पान्याचं मीही लिहून देतो. हसत नव्हता, ओरडतही नव्हता. हात मागे घेतल्यावर तो जसा थांबायचा ना, तसा थांबून बोलत होता.

तोमोए : म्हणजे शिक्का पडला नाही तर तुम्हीही आत.

हिसानो : जाऊ द्या. कोठडीत जेवण वेळेवर मिळतं म्हणतात. माझ्या घरी पंचेचाळीस वर्षांत वेळेवर कधी मिळालं नाही.

तोमोए : थट्टा नको. त्याने खरंच लिहून दिलं तर?

हिसानो : तर मी सांगेन, लिहिलंय ते खरं आहे. तीन घाव. शेवटचा जास्तीचा होता. बाई, मी त्याला जन्म दिलाय, त्याने काही लिहावं आणि मी घाबरावं, एवढी मी म्हातारी नाही झाले.

चिहारु : कागद द्या इकडे, ताई.

तोमोए : काय करतेयस? चिहारु, तू यावर शिक्का मारलास तर मी तुझी बहीण नाही.

चिहारु : पलीकडची बाजू कोरी आहे. पेन्सिल दे. आई, ठोसे किती?

हिसानो : बारा आणि सात. एकोणीस.

चिहारु : नक्की?

हिसानो : आकडे मला फार येत नाहीत. पण सोळापर्यंत माझ्याइतकं कुणाला येत नाही. पहिला आणि नववा, सहा फेऱ्या. मग तीन फेऱ्या आणि वर एक. चुकणार नाही.

चिहारु : वकिलाने दोन-तीन लिहिलंय.

हिसानो : वकील तिथे नव्हता. मी होते. उद्या सकाळी दहाला मी सरकारी वकिलाकडे जाते. म्हणते, मागच्या बोळात नव्हते, टेबलापाशी होते, खोटं बोलले होते. शिगेकी उराबे माझा मुलगा. त्याने एकोणीस मारले. मी त्याला तीन मारले. शिक्का माझ्या नावाचा मी घेऊन जाते.

तोमोए : मग तो सुटायचा नाही.

हिसानो : नाही.

तोमोए : तुम्हाला काय वाटेल?

हिसानो : ते विचारू नका. ते मी घरी जाऊन बघेन.

चिहारु : मी परत येणार नाही, आई. कारखान्यात. त्या घरात.

हिसानो : नको येऊस. तुला बोलवायला आले नाही मी. तुझी ढोलाची डबी पोलिसांकडे आहे, पुरावा म्हणून. आवाज पकडणारी मी उचलून ठेवलीय. काचेला एक चीर गेलीय, वाजते. हवी असेल तर पाठवते. नको असेल तर नाही पाठवत.

चिहारु : तुमच्याकडे राहू दे.

हिसानो : मला आता वाजवायला होणार नाही.

चिहारु : होईल. आधी तुमचा तो आवाज काढून टाका त्यातून. नवीन भरा.

तोमोए : तुम्ही दोघी खरंच वेड्या आहात. एकीचा जबडा बांधलाय, दुसरी तुरुंगात चालली आहे, आणि डबीत काय भरायचं ते बोलताय.

हिसानो : तुमच्या बसचा दरवाजा उघडताना कसा आवाज येतो, तोमोएबाई?

तोमोए : ... फुसकन. मग एक ठक.

हिसानो : ठक आधी की फुस आधी?

तोमोए : मला विचारू नका. मी तुमच्याशी बोलत नाहीये. फुस आधी.

हिसानो : निघते मी. गाडी पकडायची आहे. उद्या त्यांना सगळं सांगते, पोरी. गोल बटणाचंही सांगते. मी चाल वाढवली तेही लिहून घ्या म्हणते.

चिहारु : ते नको.

हिसानो : परत खोटं बोलू?

चिहारु : खोटं नाही. तुम्हाला ते कुणी विचारणारच नाही, आई. असं काही होऊ शकतं, हे त्यांना माहीत नाही.